मैलबापू आणि नऊ तास वीस मिनिटं

मैलबापूंना रस्ता विचारणाऱ्याचं भलं झालेलं कुणाच्या ऐकिवात नाही. "दवाखाना कुठे हो?" असं एखाद्यानं घाईत विचारावं, तर बापू चष्मा कपाळावर सारून म्हणणार, "इथून चारशे बारा मीटर. पण समोरच्या बाजूनं गेलात तर चारशे सव्वीस, कारण पुढचं वळण तुम्हाला बाहेरच्या अंगानं घ्यावं लागतं. आता तुमचं तुम्ही ठरवा." पोट धरून उभा असलेला माणूस काय कपाळ ठरवणार? तो बापडा दुसऱ्याच कुणाला तरी विचारायचा.

रस्ते खात्यात चौतीस वर्षं बापूंनी रस्ते मोजले. लांब दांड्याचं एक चाक असतं, ते ढकलत न्यायचं. दर मीटरला ते 'टक्' करतं. हजार टक् झाले की खूण करायची, तिथे दगड बसवायचा आणि पुढे चालू लागायचं. मोजायचे किलोमीटर, पण लोक त्याला मैलाचाच दगड म्हणतात, त्यामुळे नाव पडलं मैलबापू. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, तेही निवृत्तीनंतर तिथेच राहिलं.

त्यांच्या आधीच्या माणसानं एक दगड सदतीस मीटर अलीकडे बसवला होता. बापूंना हे कळलं आणि त्यांची झोप उडाली. दोन वर्षं अर्ज केले. शेवटी साहेब वैतागले. "अहो, सदतीस मीटरनं कुणाचं काय बिघडलं?"

"साहेब, त्या सदतीस मीटरमध्ये एक घर आहे," बापू म्हणाले. "त्या घरातला माणूस आज पाच वर्षं चुकीच्या किलोमीटरमध्ये झोपतोय."

साहेबांनी हात जोडले आणि दगड हलवायचा हुकूम दिला.

अशा माणसाच्या नशिबी बायको आली ती शिवणकाम करणारी. गल्लीत सगळे तिला शिवणकाकू म्हणायचे. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं मशिन, भिंतीला कापडाचे गठ्ठे, आणि गळ्यात मोजपट्टी. ती पट्टी मात्र शोभेला. काकू गिऱ्हाइकाकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघायच्या, "हं" म्हणायच्या आणि कापड कापायला घ्यायच्या. अंगाला कपडा असा बसायचा की गिऱ्हाईक आरशासमोरून हलायचं नाही. बापूंना हे आयुष्यभर सहन झालं नाही. "अगं, एकदा तरी मोजत जा!" ते म्हणायचे. काकू दातांत दोरा धरून म्हणायच्या, "तुमची विजार गेली एकतीस वर्षं न मोजता शिवतेय. कधी घसरली?" विजार खरंच कधी घसरली नव्हती.

दोघांची एकुलती एक लेक. बापावर गेलेली. चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यात तपासनीस झाली, केसाच्या जाडीइतकी चूक पकडायची. त्याच कामासाठी ती लांबच्या शहरात गेली आणि तिथेच लग्न करून राहिली. जावई मालवाहू जहाजावर इंजिन सांभाळायचा. दोन महिने घरी आणि तीन महिने पाण्यावर. स्वभावानं सोन्यासारखा, पण हाताशी असेल तर ना.

लेक फोनवर म्हणायची, "बाबा, या की. अंतर असं काय राहिलंय आता? नऊ तास वीस मिनिटं."

इथेच घोडं अडलं. बापू म्हणायचे, "बाळा, तास म्हणजे अंतर नव्हे. मी विचारतोय लांब किती, तू सांगतेस वेळ किती."

अंतर नक्की किती ते कुणी धड सांगेना. एका ठिकाणी सात हजार एकशे नव्वद किलोमीटर लिहिलेलं, दुसऱ्या ठिकाणी सात हजार दोनशे चौसष्ट. चौऱ्याहत्तर किलोमीटरचा फरक! सदतीस मीटरसाठी दोन वर्षं भांडलेला माणूस चौऱ्याहत्तर किलोमीटर कसा गिळणार? "आधी अंतराचा निकाल लागू दे, मग जाऊ," असं म्हणता म्हणता नऊ वर्षं गेली. तेवढ्या काळात लेकच तीनदा येऊन गेली. काकू दर वेळी तिला निरोप देऊन आल्या की दोन दिवस मशिन जरा जोरातच चालवायच्या.

खरं कारण काकूंना ठाऊक होतं. बापू विमानाला घाबरायचे. पण ते कबूल करण्यापेक्षा त्यांनी पृथ्वीच पुन्हा मोजली असती. आणि त्यांनी ती मोजलीही.

चौकात तिकिटं काढून देणाऱ्याचं दुकान होतं. चाळिशी ओलांडलेला, डोक्यावर चार केस असलेला, गोड बोलणारा गृहस्थ. त्याच्या टेबलावर शोभेचा पृथ्वीचा गोल होता. बापूंनी एक दिवस काकूंच्या डब्यातून पांढरा दोरा नेला, गोलावर आपल्या शहरापासून लेकीच्या शहरापर्यंत ताणला आणि मोजला. सतरा सेंटिमीटर. गोलाचा घेर काढला, गुणाकार केला. सात हजार दोनशे अठरा किलोमीटर.

"बघ," बापू म्हणाले. "पण हा दोरा वरच्या बर्फाळ मुलखातून का जातोय? भिंतीवरच्या नकाशात तर सरळ आडवं जायला हवं."

"नकाशा सपाट असतो, बापू. पृथ्वी गोल. गोलावर जवळचा रस्ता तिरका जातो," तिकीटवाला म्हणाला.

हे बापूंना पटलं. घाटातले रस्ते मोजलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागत नाही. पण तेवढ्यात त्यांची नजर टेबलावरच्या वेळापत्रकावर गेली. "हे काय? जाताना नऊ तास वीस मिनिटं, येताना आठ तास पाच? अंतर तेच ना? मग येताना उतार आहे का?"

"वारा असतो. वर मोठा वारा वाहतो. जाताना समोरून येतो, येताना पाठीमागून ढकलतो."

"चौतीस वर्षं मी वाऱ्यातच चाललो. एकाही रस्त्याला सव्वा तासाची सूट मिळाली नाही."

"तुम्ही चालत होतात, बापू."

"आणि एखाद्या दिवशी वारा पडला तर?"

"तर विमान लवकर पोचेल."

"म्हणजे छापलेली वेळ खरी नाही!" बापू विजयानं म्हणाले आणि घरी आले. आणखी वर्षभराची सोय झाली होती.

पण ते वर्ष त्यांना मिळालं नाही. पुढच्याच आठवड्यात लेकीचा फोन आला. कारखान्याच्या जिन्यावरून पाय घसरला, नडगीचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. जावई नुकताच जहाजावर गेलेला. "काही काळजी करू नका," लेक म्हणाली. "शेजारीण येऊन जाते. चहा करायला ओट्यापर्यंत कुबड्यांवर पोचते मी." आणि मग आवाज जरा बारीक झाला. "फक्त पोचल्यावर चहाचा कप बाहेरच्या खोलीत आणता येत नाही, दोन्ही हात कुबड्यांना लागतात ना. तिथेच उभ्यानं पिते."

फोन ठेवल्यावर बापू म्हणाले, "काहीतरी केलं पाहिजे. मी उद्या त्या तिकीटवाल्याला वाऱ्याचं पुन्हा विचारतो."

काकूंनी मशिनवरचं कापड काढलं, घडी घातली, मशिनवर झाकण टाकलं. पायांत चपला सरकवल्या. "मी येते जाऊन."

"कुठे?"

"चौकात."

तासाभरानं त्या परत आल्या तेव्हा हातात तिकीट होतं. एकच.

"अगं, तू एकटी? तुला पलीकडच्या बाजारातून परत यायला दोनदा विचारावं लागतं!"

"म्हणून काय झालं? विचारीन. तोंड आहे ना मला." काकूंनी तिकीट बापूंसमोर धरलं. "आणि हे काय तुम्ही नऊ तास नऊ तास लावलंय? हे बघा. सकाळी दहाला निघतं, दुपारी तीनला दहा कमी असताना पोचतं. पाच तासही नाहीत."

"अगं, तिकडची घड्याळं साडेचार तास मागे आहेत."

"असू देत. मी तिकडे चाललेय, तर तिकडचंच घड्याळ बघणार ना? आणि परतीचं बघा. सकाळी अकराला निघायचं आणि रात्री साडेअकरा उलटून गेल्यावर पोचायचं. साडेबारा तास." काकू जरा थांबल्या. "म्हणजे जायला जवळ आणि यायला लांब. उगीच नाही पोरं परत येत."

बापूंनी घड्याळांचा हिशेब मांडायला पेन्सिल उचलली होती. ती त्यांनी परत खिशात ठेवली.

काकूंच्या जाण्याच्या दिवशी विमानतळावर बापूंनी त्यांच्या हातात एक कागद दिला. नऊ तासांचे नऊ रकाने आखलेले. "समोरच्या पडद्यावर आकडे दिसतात म्हणे. दर तासाला किती अंतर झालं, वेग किती, एवढं लिही फक्त."

"बरं," काकू म्हणाल्या. त्यांनी कागदाची चौकोनी घडी घालून पर्समध्ये ठेवली, बापूंच्या सदऱ्याची कॉलर नीट केली, आणि सामानाची गाडी ढकलत काचेच्या दारातून आत गेल्या. एकदाही चुकीच्या बाजूला वळल्या नाहीत. दर दहा पावलांवर कुणाला तरी थांबवून विचारत होत्या, आणि जो तो थांबून उत्तर देत होता.

बापू तिथून थेट तिकीटवाल्याच्या दुकानात. त्यानं त्यांना फोनवर एक नकाशा उघडून दिला. नकाशावर पिवळं, माशीएवढं विमान, आणि शेजारी वेग, उंची, उरलेलं अंतर. बापूंचे डोळे चमकले. असलं काही जगात आहे हे त्यांना नऊ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं! ते गिऱ्हाइकांच्या खुर्चीत ठाण मांडून बसले, मांडीवर पृथ्वीचा गोल, हातात वही. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "बायको आहे त्यात. आता दोन हजार एकशे चाळीस झाले." एक नवीन लग्न झालेलं जोडपं फिरायला कुठे जावं हे विचारायला आलं होतं. बापूंनी त्यांना अर्धा तास गोलावरचा तिरका रस्ता समजावला. ते जोडपं "विचार करून सांगतो" म्हणालं ते गेलंच.

सहाव्या तासापर्यंत सगळं सुरळीत होतं. मग पिवळं विमान वळलं.

बापूंनी चष्मा पुसला. विमान आणखी वळलं. एक गोल पूर्ण झाला, दुसरा सुरू झाला. "अरे, हे गोल फिरतंय!" बापू ओरडले. "रस्ता चुकलं! घे, फोन लाव त्यांना!"

तिकीटवाल्यानं विमान कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावून दिला. वीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एका बाईंचा आवाज आला.

"बाई, तुमच्या विमानानं तीन फेऱ्या मारल्या," बापू म्हणाले. "एका फेरीला अडतीस किलोमीटर, एकूण एकशे चौदा. कशासाठी?"

"आपण विमानात आहात का, सर?"

"मी विमानात असतो तर तुम्हाला कशाला विचारलं असतं? चालवणाऱ्याला विचारलं असतं!"

बाईंनी त्यांना थांबायला सांगितलं आणि पुन्हा संगीत सुरू झालं. तोवर विमान चौथ्या फेरीतून सुटलं, दक्षिणेकडे वळलं आणि एका भलत्याच शहराकडे उतरू लागलं. आकडे खाली खाली येत गेले. उंची शून्य. वेग शून्य. मग फोनवरच्या बाई परत आल्या. "सर, एका प्रवाशाची तब्येत बिघडल्यामुळे विमान वाटेत उतरवलंय. उतरण्याआधी इंधन कमी करायला फेऱ्या माराव्या लागल्या."

"कुठला प्रवासी? बाई की पुरुष?"

"तेवढी माहिती आमच्याकडे नसते, सर."

सात हजार दोनशे अठरा किलोमीटरपैकी इंच न् इंच बापूंना माहीत होता, आणि त्या क्षणी आपली बायको जिवंत आहे की नाही, एवढं एकच ठाऊक नव्हतं. ते खुर्चीतून उठले, पुन्हा बसले. गोल मांडीवरून घरंगळून कोपऱ्यात गेला. तिकीटवाल्यानं चहा मागवला. तो त्यांनी प्यायला नाही. दुकानाच्या दारापासून टेबलापर्यंत येरझारा घालत राहिले, आणि तिकीटवाल्यानं नंतर सगळ्यांना सांगितलं की दीड तास हा माणूस चालत होता, पण पावलं मोजत नव्हता. ओठ हलत होते, ते वेगळ्याच कशासाठी तरी.

सव्वासहाला फोन वाजला. अनोळखी नंबर.

"अहो, मी बोलतेय," काकूंचा आवाज. "एका बाईंचा फोन घेतलाय. आम्ही मध्येच एका गावात उतरलोय. गावाचं नाव काही जिभेवर बसेना, पण इथे खिडक्या चांगल्या मोठ्या आहेत."

बापूंनी फोन दोन्ही हातांनी धरला. "तू... तू जेवलीस का?"

काकू काळजीनं म्हणाल्या, "अहो, तुमची तब्येत बरी आहे ना? किती किलोमीटर झाले ते नाही विचारलंत?"

"मरू देत ते किलोमीटर! काय झालं सांग आधी."

झालं होतं असं. काकूंच्या शेजारी एक जाडजूड गृहस्थ बसले होते. विमानात शिरल्यापासून काकूंचं लक्ष त्यांच्या कॉलरकडे. "दोन बोटं कमी होती हो गळ्याला. कुणी शिवलं होतं देव जाणे!" पाच तास काकूंनी तोंडाला कुलूप लावलं, कारण परका माणूस. सहाव्या तासाला गृहस्थ पांढरेफटक पडले आणि मान टाकली. काकू काय वाट बघतात! त्यांनी कॉलरचं बटण दातांनी तोडलं, सदरा छातीपर्यंत टराटरा उसवला आणि हवाईसुंदरीला हाक मारली. प्रवाशांत एक डॉक्टरीण निघाली. तिनं सांगितलं, हृदयाचा त्रास आहे, उतरावं लागेल, पण गळा मोकळा केला ते बरं केलं. गृहस्थांना स्ट्रेचरवरून उतरवताना ते शुद्धीवर होते. त्यांनी काकूंकडे बघून हात हलवला.

"आणि तुम्ही दिलेला कागद कामी आला बरं का," काकू म्हणाल्या.

"आकडे लिहिलेस?"

"छे. त्या हवाईसुंदरीच्या जाकिटाचा खांदा उतरत होता. तिला त्या कागदावर नीट बेतून दिलं. ती बिचारी आता मला तिसऱ्यांदा जेवण आणून देतेय."

बापू मटकन खुर्चीत बसले आणि हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले, आणि गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला.

काकू पाच तास उशिरानं का होईना, लेकीकडे सुखरूप पोचल्या. त्यानंतर रोज फोन येत, पण फोनवर आता काकूंपेक्षा त्यांची धावपळच जास्त ऐकू येई. लेकीच्या शेजारणीचं मशिन मिळालं होतं. इमारतीतल्या तीन बायकांचे झगे शिवायला आले होते. "ठेवते हं, कुणीतरी आलंय," असं म्हणून काकू फोन ठेवायच्या. इकडे बापू रोज एकच भात वेगवेगळ्या प्रकारे करपवत होते. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी करपलेल्या भातासकट पातेलं घासायच्या जागेत ठेवलं, हात धुतले आणि चौकात गेले.

"एक तिकीट दे," ते तिकीटवाल्याला म्हणाले.

तिकीटवाल्यानं सवयीनं वेळापत्रक पुढे केलं. "हे बघा, बापू, वाऱ्याचं—"

"ते राहू दे. खिडकीची जागा बघ."

विमानात बसल्या बसल्या त्यांनी पट्टा तीनदा आवळून बघितला. तरी कर्तव्य ते कर्तव्य. त्यांनी नवी वही उघडली, रकाने आखले, पेन्सिलीला टोक काढायचं राहून गेलं म्हणून शेजारच्या बाईंकडून पेन मागून घेतलं. विमान धावायला लागलं तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची अशी धरली की जणू खुर्चीच पळून जाणार होती. जमीन सुटली. गाव काडेपेटीएवढं झालं, रस्ते दोऱ्यासारखे झाले. चौतीस वर्षं जे एकेक मीटर ढकलत नेले, ते सगळे बापूंनी पाच मिनिटांत मागे जाताना बघितले. मग ढग आले. पहिल्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'पहिला तास: सातशे चाळीस.' आणि खाली टेकवलेली मान त्यांनी वर उचलली नाही.

गेल्या तीन आठवड्यांची झोप, त्या आधीची नऊ वर्षांची धास्ती, सगळं एकदम अंगावर आलं असावं. बापू घोरायला लागले. जेवण आलं आणि गेलं. हवाईसुंदरीनं दोनदा हलवलं, तेव्हा ते झोपेतच म्हणाले, "डाव्या बाजूनं जा," आणि पुन्हा घोरले. जाग आली ती चाकं जमिनीला टेकल्याच्या धक्क्यानं.

"किती झाले?" ते दचकून म्हणाले.

"पोचलो, काका," शेजारच्या बाई म्हणाल्या. "माझं पेन देता?"

बाहेर काकू उभ्या होत्या. एकट्या. अंगात लेकीचा जुना कोट, कमरेत आत घेऊन असा काही नवा केलेला की बापूंनी आधी ओळखलंच नाही. "चला, बस सुटेल," असं म्हणून त्यांनी बापूंची एक पिशवी हातात घेतली आणि भराभर चालू लागल्या.

"किती लांब आहे घर?" बापूंनी मागून धापा टाकत विचारलं.

"बसनं एक डुलकी. मग पिवळ्या कुत्र्याच्या दुकानापासून चार घरं."

"पिवळं कुत्रं हा काय पत्ता झाला? ते हललं तर?"

"हलत नाही. मी रोज बघते ना."

आणि खरंच, बसमधून उतरल्यावर दुकानाच्या पायरीवर एक पिवळं कुत्रं अंगाचं मुटकुळं करून पडलं होतं. तिथून चौथ्या घराच्या दारात, कुबड्यांवर रेलून, लेक उभी होती. बापूंनी तिच्या प्लास्टरकडे बघितलं, चेहऱ्याकडे बघितलं आणि बॅग तिथेच रस्त्यात सोडून दिली. लेक म्हणाली, "आलात एकदाचे! मी म्हटलं, पृथ्वी आकुंचन पावायची वाट बघताय की काय." बापूंनी तिच्या हातातली एक कुबडी काढून घेतली आणि त्या जागी आपला खांदा दिला.

पंधरा दिवसांनी प्लास्टर निघालं. आतून पाय निघाला तो काडीसारखा. डॉक्टर म्हणाले, आता चालायचं, रोज थोडं थोडं. पण लेक पाऊल टाकायला धजेना. भिंगातली केसाएवढी चूक पकडणारी पोरगी, तिला आपल्या हाडाचा भरवसा वाटेना. चार पावलं टाकायची आणि रडकुंडीला यायची. "मला नाही जमायचं, बाबा. ते डॉक्टर नुसतं 'थोडं' म्हणतात. थोडं म्हणजे किती?"

हा प्रश्न बापूंच्या काळजात घुसला. थोडं म्हणजे किती! आपलीच लेक. ते उठले, दुकानातून खडू आणला आणि घरासमोरच्या फरसबंदीवर गुडघे टेकून बसले. काकूंच्या मोजपट्टीनं, एकेक मीटरवर, आडव्या रेघा आणि त्यांच्यापुढे आकडे. "आज सहा," ते म्हणाले. "सातवर पाऊल टाकलंस तर बघ. टाकायचं नाही म्हणजे नाही."

लेकीनं सहा मीटर चालून दाखवले. दुसऱ्या दिवशी नऊ. तिसऱ्या दिवशी तिनं हट्ट करून बारा केले आणि बाप ओरडला, "सांगितलं होतं ना, दहा!" शेजारपाजारचे दारात येऊन बघू लागले. भाषा कळत नव्हती, पण आकडे सगळ्यांना कळत होते. वीस मीटर झाले त्या दिवशी समोरच्या म्हातारीनं टाळ्या वाजवल्या. पाऊस आला की रेघा धुऊन जायच्या, आणि बापू सकाळी पुन्हा गुडघ्यांवर. काकू खिडकीतून मशिन थांबवून बघायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "माझी पट्टी खडूनं पांढरी केलीत हो!" पण ती परत मागितली नाही.

पाचव्या आठवड्यात खडूच्या रेघा कोपऱ्यापर्यंत गेल्या. तीनशे चाळीस मीटर. तिथे एक बेकरी होती. त्या दिवशी लेक कुबडीशिवाय, किंचित लंगडत, बेकरीपर्यंत गेली, पाव घेतला आणि परत आली. बापू शेजारून चालत होते, बोटांवर मीटर मोजत. परतीच्या वाटेवर ती इतकं बोलत होती, कारखान्यातल्या एका बाईनं भिंग उलटं बसवलं त्याची गोष्ट, जावई परवा येतोय त्याचं काय काय, की बापूंच्या बोटांचा हिशेब दोनशेच्या आसपास कुठेतरी सुटला. त्यांनी तो पुन्हा धरला नाही.

जावई आला, सासू-सासऱ्यांना बघून बिचकला, मग रुळला. आठवड्याभरानं दोघं परत निघाली. विमानात काकूंनी खिडकी घेतली आणि बसल्या बसल्या पुढच्या रांगेतल्या बाईच्या बाहीवर नजर लावली. बापूंनी वही बाहेर काढली. या वेळी ते जागे राहिले, आठही रकाने भरले, आणि दर तासाला काकूंना वाचून दाखवले. काकू दर वेळी "हो का!" म्हणाल्या. शेवटच्या तासाला त्यांनी विचारलं, "पोरीचा पाय थंडीत दुखेल का हो?"

"दुखेल थोडा."

"थोडा म्हणजे किती?"

बापूंनी वही मिटली. "ते तिथे जाऊनच बघावं लागेल," ते म्हणाले. पुढच्या हिवाळ्यात दोघं पुन्हा गेली, ती हेच बघायला.